जहाजावरच्या पिझ्झाची कड

भट्टीवाल्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या पिझ्झाला चांगलं म्हटलं नव्हतं, स्वतःच्यासुद्धा. चांगला झाला तर त्यात सांगण्यासारखं काय, तो चांगलाच व्हायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दुकानात पिझ्झाची परीक्षा बोलण्यावर होत नसे, परत आलेल्या ताटलीवर होई. मधला भाग गिऱ्हाईक कसाही खातं, कारण चीज आणि टोमॅटोखाली वाट्टेल ती पापं झाकली जातात. कडेवर झाकायला काही नसतं. तिथे नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि बनवणाऱ्याची अक्कल. ताटलीत कड उरली नाही तर पास, उरली तर नापास. लेकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

त्यातही लबाडी चालत नसे. गल्ल्यामागे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: ‘चहा-कॉफीत कड बुडवणाऱ्याने घरी जावे.’ बुडवली की चप्पलसुद्धा मऊ होते, मग परीक्षा कसली? या पाटीपायी त्यांनी एकदा चक्क आपल्या सासरेबुवांना भरल्या दुकानातून उठवलं होतं. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते, पण नियम म्हणजे नियम. तेव्हापासून सासरेबुवा दुकानाची पायरी चढले नव्हते आणि बायको ते विसरली नव्हती.

असा हा माणूस, आणि त्याची एकुलती एक लेक दुकान सोडून गेली कुठे, तर प्रवाशांना समुद्रात फिरवून आणणाऱ्या जहाजावर, पिझ्झा करायला! घरात तिला छकुली म्हणत. तिशी ओलांडलेली, पिठाच्या गोण्या खांद्यावर टाकणारी छकुली.

“जहाजावरचा पिझ्झा!” भट्टीवाले येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. “लाकूड पेटवायची परवानगी नाही. विजेची भट्टी. पाणी म्हणे समुद्राचं गोड केलेलं. जमीन हलतेय, पीठ कसं फुगणार? आणि खाणारे कोण? सगळं तिकिटातच, म्हणून पोहून आल्यावर अंग पुसायच्या आधी एक तुकडा उचलायचा, दोन घास खायचे आणि आइस्क्रीमकडे पळायचं. भूक नसलेल्या माणसांसाठी केलेला पिझ्झा तो. तो चांगला होईलच कसा?”

यातला एकही पिझ्झा त्यांनी खाल्ला नव्हता, पण म्हणून मत असू नये असं थोडंच आहे?

मग एके दिवशी लेकीचा फोन आला. कंपनी कामगारांच्या आईवडिलांना एक फेरी फुकट घडवते, तेव्हा या. आणि आणखी एक. नवं, मोठं जहाज निघतंय, त्यावरच्या सगळ्या भट्ट्या तिच्या हाताखाली द्यायच्या म्हणताहेत. म्हणजे पुढची बरीच वर्षं पाण्यावरच. या फेरीच्या शेवटी होय की नाही ते सांगायचं आहे.

“बाबा, तुम्ही माझ्या काउंटरवर जेवा,” ती म्हणाली. “ताटलीत कड उरली, तर मी तुमच्याबरोबर खाली उतरते आणि दुकानात उभी राहते. नाही उरली, तर जहाजावरचा पिझ्झा म्हणून नाक मुरडणं बंद. कबूल?”

“कबूल!” भट्टीवाल्यांनी तिचं वाक्य संपायच्या आत सांगितलं. फोन ठेवला आणि त्याच दिवशी लेकीच्या खोलीतली पिठाची पोती हलवून पलंग मोकळा केला.

एक गोष्ट मात्र त्यांनी लेकीला सांगितली नाही. निघण्याच्या थोडे दिवस आधी त्यांना वरची अख्खी कवळी बसली होती. हिरड्या दुखत होत्या, कवळी बोलताना टकटक वाजत होती आणि दातांच्या डॉक्टरांनी सध्या मऊच खा म्हणून बजावलं होतं. ज्याला स्वतःच्या पिझ्झाची कड चाववत नाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी बायकोला शपथ घातली, “छकुलीला कळता कामा नये.”

“आणि पैजेचं काय?” बायकोने विचारलं.

“कड मी तशीही सोडणारच आहे. दात असले काय नि नसले काय.”

जहाजावर लेकीचा काउंटर पोहण्याच्या तलावाच्या बाजूलाच होता. पांढरी टोपी घातलेली छकुली भट्टीपुढे उभी होती. उष्ट्या ताटल्यांची गाडी नेमकी तिच्या समोरून जायची. भट्टीवाले सून बघायला आल्यासारखे ऐटीत बसले. पिझ्झा आला. त्यांनी सवयीने तुकडा उचलून खालून पाहिला. तळाला सारखे तपकिरी ठिपके, कुठे काळा डाग नाही. जरा बरं दिसलं म्हणून काय झालं, असं म्हणत त्यांनी घास घेतला.

आणि भट्टीवाल्यांना राग आला. कारण पिझ्झा चांगला होता. टोमॅटोत साखर ढकललेली नव्हती. मधे पातळ, पण लोंबत नव्हता. पिठाला ती किंचित आंबूस चव होती, जी घाई करणाऱ्याला कधी साधत नाही. हलत्या जमिनीवर, गोड केलेल्या पाण्यात आणि विजेच्या भट्टीत या पोरीने हे केलं कसं? त्यांनी मधला भाग संपवला आणि कड तोंडात घातली. कवळी उचलली गेली, हिरडीतून कळ आली. त्यांनी कड हळूच ताटलीत ठेवली.

गाडी गेली. छकुलीने ताटली पाहिली. तिचा चेहरा पडला, पण ती एवढंच म्हणाली, “बरं. उद्या बघू.”

“हरली!” खोलीत आल्यावर भट्टीवाले म्हणाले, पण म्हणावा तसा आवाज निघाला नाही.

आता गंमत अशी, की छकुली त्यांचीच शिष्या. कड नापास झाली की काय करायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं: अजून भाज, कुरकुरीत कर, मोडताना आवाज आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी कड आदल्या दिवसापेक्षा कुरकुरीत आली. तिसऱ्या दिवशी तर अशी, की शेजारच्या टेबलावर कुणी मोडली तरी भट्टीवाल्यांना ऐकू यायची. कड जेवढी सुधारत होती तेवढी त्यांच्या आवाक्याबाहेर जात होती. इकडे तलावातून ओलेत्याने येणारी मंडळी आता आइस्क्रीम सोडून पिझ्झाच्या रांगेत उभी राहू लागली. एक लठ्ठ गृहस्थ तर कडाच आधी खायचा आणि मधलं मागाहून. भट्टीवाले त्याच्याकडे असूयेने बघत बसत.

शेवटी त्यांना राहवेना. त्यांनी डोळे मिटून कडेचा जोरात चावा घेतला. कट्‌ असा आवाज झाला. कड हाताबरोबर तोंडातून बाहेर आली, आणि तिच्यात रुतलेली कवळीही. बायकोने प्रसंगावधान राखून ताटलीवर रुमाल टाकला. तेवढ्यात वाढपी आला आणि त्याने अदबीने ताटलीला हात घातला. भट्टीवाल्यांनी ताटली धरून ठेवली. वाढप्याने हसत ओढली. यांनी न हसता ओढली.

“झालं ना आजोबा तुमचं?”

भट्टीवाल्यांनी ओठ गच्च मिटून मान हलवली. वाढप्याला ती होकारार्थी वाटली.

“अहो, ते अजून खाताहेत!” बायको ओरडली. वाढपी दचकून निघून गेला. तो लांबून बघत राहिला, पण म्हाताऱ्याने पुढे काही खाल्लं नाही; रुमालासकट सगळं खिशात घातलं.

दुपारी बायको खोलीत आली तेव्हा न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत भट्टीवाले बोळक्या तोंडाने नळाखाली भिजवलेली कड चोखत बसले होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी लागल्याचा भाव.

“कशी आहे?” बायकोने विचारलं.

भट्टीवाल्यांची चोरी पकडली गेली होती. त्यांनी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात कड होती. त्यांनी ती गिळली.

“माझ्यापेक्षा हलकी करते,” ते म्हणाले.

“मग सांगा तिला.”

“सांगितलं तर ती जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“येईल. दुकानात. घरात.” घरात म्हणताना त्यांचा आवाज लहान झाला.

“तोंड पाडून येईल. जन्मभर वाटत राहील, आपल्याला जमलं नाही. चालेल तुम्हाला?”

भट्टीवाल्यांनी नळ मोठा सोडला आणि कवळी धुवायला घेतली.

संध्याकाळी छकुली स्वतःच खोलीवर आली. टोपी काढलेली होती, केसांत पीठ होतं. पलंगाच्या कडेवर बसून ती म्हणाली, “बाबा, मी हरले. मला कुठे चुकतंय ते कळतच नाहीये. लोक उगाच छान छान म्हणतात, त्यांना काय कळतंय? उद्या दुपारचं जेवण झालं की साहेबांना नाही म्हणून सांगते.” मग आईकडे बघत तिने विचारलं, “दुकानातल्या भट्टीची डावी बाजू अजून जास्त तापते का गं?”

“तापते,” आई म्हणाली.

“हरकत नाही, सवय होईल परत.” ती हसली. लहानपणी नापास झाल्यावर पोरगी अशीच हसायची.

हवं ते सगळं पदरात पडलं होतं, आणि भट्टीवाल्यांना त्या रात्री अन्न गोड लागलं नाही. पोरगी घरी हवी होती, फार हवी होती. दुकान बंद करताना बाकीच्या खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवायच्या आणि एक तिच्यासाठी तशीच सोडायची, ही सवय अजून गेली नव्हती. पण ही अशी हसणारी पोरगी त्या खुर्चीवर रोज बघायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते काउंटरसमोरच्या अगदी पुढच्या टेबलावर बसले. छकुलीने पिझ्झा स्वतः आणून ठेवला आणि ती भट्टीकडे परतली. भट्टीवाल्यांनी वाढप्याला बोलावलं. तो जरा अंतर राखूनच उभा राहिला.

“एक मोठा कप चहा आण.”

बायकोने चमकून पाहिलं. “अहो, पिझ्झाबरोबर चहा? तुम्ही?”

चहा आला. भट्टीवाल्यांनी आधी मधला भाग खाल्ला. मग सगळ्या लोकांसमोर, तलावातल्या आणि रांगेतल्या मंडळींच्या देखत, कवळी काढून रुमालात गुंडाळली. एक कड उचलली आणि चहात बुडवली. आयुष्यभर ज्याला लबाडी म्हटलं, तेच ते करत होते. मग त्यांनी ती फुरका मारून खाल्ली. दुसरी बुडवली. तिसरी. चहात चीजच्या तेलाचे थेंब तरंगू लागले. लठ्ठ गृहस्थ रांग सोडून बघायला आला. हनुवटीवरून ओघळणारा चहा बायकोने पदराने टिपला आणि ओघानेच स्वतःचे डोळेही.

“बाबा!” छकुली पिझ्झा भट्टीत सरकवायची फळी टाकून धावत आली. “हे काय करताय? चहात?” मग तिला ते बसकं तोंड दिसलं, टेबलावरचा रुमाल दिसला. “दात कुठे गेले तुमचे?”

“रुमालात आहेत,” आईने सांगितलं. शपथ आता उरली नव्हती. “इथे यायच्या आधीपासून कवळी आहे. चाववत नव्हतं गं त्यांना.”

छकुली मटकन खुर्चीत बसली. “म्हणजे पहिल्या दिवशीसुद्धा? कड चांगली होती?”

भट्टीवाल्यांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मग शेवटची कड खाल्ली, ताटलीवर पडलेला चुरा बोटाने टिपून जिभेवर ठेवला आणि कोरी करकरीत ताटली स्वतःच्या हाताने लेकीपुढे सरकवली.

ती ताटली धरून छकुली हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. “आणि मी रोज अजून कडक करत होते!”

“जा,” भट्टीवाले म्हणाले. “साहेब जेवायला बसायच्या आत जा.”

ती गेली. पांढरी टोपी गर्दीतून दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. मग उरलेला चहाही पिऊन टाकला.

घरी आल्यावर भट्टीवाल्यांनी स्टुलावर चढून गल्ल्यामागची पाटी काढली आणि ते तडक सासरेबुवांच्या घरी गेले. म्हातारबुवांनी आधी भरपूर भाव खाल्ला, दोनदा नाही म्हणून झालं, मग काठी घेऊन निघाले. दुकानात दोघेही बोळकी तोंडं घेऊन समोरासमोर बसले. मधे पिझ्झा आणि दोन कप चहा. सासरेबुवांनी कड बुडवून सावकाश खाल्ली.

“बरी आहे,” ते म्हणाले. “पण नातीच्या हातची याच्याहून चांगली असते म्हणे?”

“चांगली आहे,” भट्टीवाले म्हणाले. “फार चांगली आहे.”

गल्ल्यावर बसलेली बायको हातातलं काम टाकून उठली. लग्न झाल्यापासून तिने हा शब्द या माणसाच्या तोंडून कशाहीबद्दल ऐकला नव्हता.

“अहो, हे छकुलीला फोन करून सांगू?”

“नको,” भट्टीवाले म्हणाले. त्यांनी हात पुसले आणि रुमालातून कवळी काढून नीट बसवली, शब्द स्पष्ट यावेत म्हणून. “फोन इकडे दे. मी सांगतो.”