चाळीस काळी झबली

मित्रांनो, नगर शहरातल्या एका पोलीस ठाण्याच्या मागे, भिंतीला टेकून उभी असलेली मी एक जुनी स्कूटर आहे. माझ्या एका अंगाला चोरीच्या वाळूचा डंपर आहे आणि दुसऱ्या अंगाला अपघातात चेपलेली जीप. इथे आम्हा सगळ्यांना 'मुद्देमाल' म्हणतात. माझ्या चाकांभोवती गाजरगवत माजले आहे आणि फुटलेल्या हेडलाइटमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले आहे. तुम्ही मला पाहिले तर भंगार म्हणाल. त्यात तुमचे काही चुकणार नाही. पण मी कधी कुणाला धडकले नाही, आणि चोरीचे काही वाहिलेही नाही. तरी मी इथे आहे. ते कसे, एवढे ऐकून घ्या.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. ओल्या विटेसारखा लाल रंग घेऊन मी दुकानात आले आणि तिथून श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या वैजनाथ गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. शाळा दोन मैलांवर होती. गुरुजी मला इतके सावकाश चालवत की सायकलवरची मुले आम्हाला मागे टाकून जात आणि वळून हसत. दर रविवारी ते मला जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत. ते निवृत्त झाले, गुडघे धरले, आणि मी ओसरीवर नुसती उभी राहू लागले.

गुरुजींचा थोडा ऊस होता. एका हंगामात तो तोडायला पाथर्डी तालुक्यातली टोळी आली. त्या टोळीत गहिनीनाथ आणि त्यांची बायको बनुबाई होती. पाणी प्यायला ओसरीवर टेकले की गहिनीनाथांची नजर माझ्यावर जाई. शेवटी एक दिवस ते बोलले.

"गुरुजी, ही गाडी इकायची हाय का? माजी पोरगी घरी एकटी ऱ्हाती. एक पाय पोलिओनं गेला. शिलाई लई ब्येस करती, पर गावाच्या भाईर जाता येईना. कापड बी दुसऱ्यानं आणायचं, शिवलेलं बी दुसऱ्यानंच न्यायचं."

गुरुजी म्हणाले, "घेऊन जा. माझ्याकडं नुसती उभीच आहे. नावावर करायचं सावकाश बघू."

ते सावकाश पुढे कधी उजाडलेच नाही.

हंगाम संपल्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, भांड्यांची गाठोडी आणि कोंबड्यांची डालगी यांच्यामध्ये आडवी पडून मी पाथर्डीकडे निघाले. गावात उतरवले तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. डावा हात गुडघ्यावर दाबून, वाकून ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. ती विजयमाला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

पाथर्डीच्या बजरंग मिस्त्रीने माझ्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक जोडले. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी माझा रंग जळला, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

विजयमालाने विचारले, "बजरंगभाऊ, पडले म्हंजे?"

"पडून दाव," बजरंग म्हणाला. "पडायची सोयच ठेवली न्हाई मी."

पहिल्या दिवशी ती मला वेशीपर्यंत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फाट्यापर्यंत. आठव्या दिवशी आम्ही करंजीचा घाट उतरून नगरला गेलो. घाटात ती माझ्याशी बोलत होती, "चल गं बाई, चल." उतारावर माझा ब्रेक तापला, तिचे हात घामाने ओले झाले. सावेडीत पोचल्यावर तिने एका झाडाखाली मला उभे केले आणि बराच वेळ नुसती रस्त्याकडे बघत बसली. कुणाचीही वाट न बघता ती आली होती, आणि मनात येईल तेव्हा परत जाणार होती.

सावेडीत पंकजाताईंचे लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान होते. त्यांना विजयमालाची हातशिलाई फार आवडे. तान्ह्या अंगाला टोचू नये म्हणून ती शिवण उलटीकडून दुमडून घ्यायची. असे कुणी करत नाही, असे पंकजाताई गिऱ्हाइकांना सांगत. हळूहळू विजयमालाच्या हाताला उसंत राहिना, एवढे काम येऊ लागले.

मित्रांनो, ती सहा वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षे. दसरा झाला की आमचे अर्धे गाव ऊसतोडीला जाते. घरांना कुलपे लागतात. मागे उरतात म्हातारी माणसे, आणि त्या वर्षांत उरत होतो आम्ही दोघी. कुणाच्या बीपीच्या गोळ्या, कुणाचा चष्मा, कुणाला दवाखाना, सगळे माझ्यावरून व्हायचे. म्हाताऱ्या माझ्या सीटवरून हात फिरवून म्हणत, "हिच्या चाकावर गाव चाललंय." मला ते खरे वाटे.

मग गेल्या जानेवारीतला तो दिवस आला.

संक्रांत तीन दिवसांवर होती. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलांना काळे झबले घालून बोरन्हाण करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पंकजाताईंनी चाळीस झबली सांगितली होती. विजयमालाने ती महिनाभर बसून शिवली. सकाळी पांढऱ्या चादरीत गाठोडे बांधून ते पुढे पायांपाशी ठेवले आणि आम्ही निघालो. घाटातल्या वाऱ्याने गाठीचे एक टोक सुटले. एक काळी बाही बाहेर येऊन फडफडू लागली. तिचे लक्ष रस्त्याकडे होते, माझेही.

शहराच्या तोंडाशी नाकाबंदी होती. त्या दिवशी कुणी मंत्री येणार होते आणि काही लोक काळे झेंडे दाखवणार असल्याची कुणकुण पोलिसांना लागली होती. एका तरुण पोलीस बाईने आम्हाला हात केला. तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'निकिता' असे नाव होते.

"ताई, जरा बाजूला घ्या. गाठोड्यात काय आहे?"

"झबली हायेत. लेकरांची."

निकिताने गाठोडे उघडले आणि तिचा चेहरा पडला. तिने मागे वळून साहेबांना हाक मारली. साहेब आले. त्यांनी एक झबले दोन बोटांनी उचलून उन्हात धरले.

"काळं कशाला शिवलं?"

"संक्रांतीला काळंच घालत्यात साहेब. बोरन्हाण असतंय."

"आणि मंत्री येणार, नेमकं त्याच दिवशी आणायचं सुचलं?"

"आज कुणी येणार हाय, हे आमच्या गावात कुणी सांगितलं न्हाई."

"हे काठीला बांधलं की झेंडा होतो," साहेब म्हणाले. "किती आहेत?"

"चाळीस."

"चाळीस," साहेब निकिताकडे बघून म्हणाले. "ऐकलंस?"

विजयमालाला हसू आले. तिथेच सगळे बिघडले. "साहेब, ईतभर झबलं ते," ती म्हणाली, "मंत्र्याला दिसल तरी का?"

साहेबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेले. निकिताने सुरुवातीला म्हटलेली 'ताई' इथे संपली. "कागद काढ."

तिने कागद काढले. गाडी बेलापूरच्या माणसाच्या नावावर. नंबर श्रीरामपूरचा, बाई पाथर्डीची. आणि या दोन जादा चाकांची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती. बजरंगने वेल्डिंग केले होते, नोंद केली नव्हती. सहा वर्षांत कितीतरी पोलिसांनी तिला नमस्कार करून पुढे सोडले होते. ही चाके त्यांनाही दिसली होतीच की.

तेवढ्यात आमच्या गावचा वाल्मिक मोटारसायकलवरून आला. त्याच्या बायकोचे ब्लाउज विजयमालाच शिवायची. त्याने वेग कमी केला, आमच्याकडे पाहिले, पोलिसांकडे पाहिले आणि गाडी जोरात पुढे काढली. पाथर्डीची एसटी गेली. खिडक्यांतून माणसे वाकून बघत होती. एवढ्यांतले कुणीही खाली उतरले नाही.

आम्हाला ठाण्यात आणले. विजयमालाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवले. पंचनामा लिहिणारा हवालदार माझ्यापुढे पेन घेऊन बराच वेळ उभा होता. "दुचाकी लिहू का चारचाकी?" त्याने विचारले. शेवटी त्याने लिहिले, 'एक जुनी लाल दुचाकी, चार चाके असलेली.' आणि खाली, 'संशयास्पद काळे कापड, नग चाळीस.'

दुपारी मंत्र्यांचा ताफा शहरातून गेला. त्याला आठ मिनिटे लागली असतील. विजयमालाला मात्र संध्याकाळी सोडले, समज देऊन. झबली ठेवून घेतली आणि मलाही.

"मी घरी कशी जाऊ?" तिने विचारले.

"एसटी आहे की," साहेब म्हणाले.

बाकापासून फाटकापर्यंत ती गुडघ्यावर हात दाबत गेली. एवढे लांब चालताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. मध्ये दोनदा ती थांबली. मला तिच्याकडे जाता आले नाही.

त्यानंतर ती दर सोमवारी यायची. कधी साहेब बंदोबस्ताला गेलेले असत, कधी मीटिंगला. मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब भले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितले, "माझ्या हातात काही नाही. मूळ मालकाला कोर्टातून हुकूम आणायला सांगा."

मूळ मालक वैजनाथ गुरुजी. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते. विजयमाला एसटी बदलत बदलत बेलापूरला गेली. गुरुजींच्या पत्नी रंगुबाई ऐंशीच्या घरातल्या, तरी काठी टेकत कोर्टात आल्या आणि सही करून गेल्या. मग वारस दाखला मागितला. तो मिळाला. मग तारीख पडली, आणखी एक पडली. या सगळ्या गोष्टी मला विजयमाला आणि निकिताच्या बोलण्यातून कळायच्या. दोघी माझ्याजवळच्या पायरीवर उभ्या राहून बोलत.

श्रावणात निकिताने तिला शेवटची गोष्ट सांगितली. माझ्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली होती. मुदत संपली होती. पुन्हा नोंद करायची तर गाडी तपासणीला चालवत न्यावी लागणार, आणि बाहेर काढायची तर चालू नोंद पाहिजे. शिवाय ती दोन चाके काढावी लागणार.

"चाकं काढल्यावर मी चालवू कशी?" विजयमालाने विचारले.

मित्रांनो, खरे सांगायचे तर तोवर माझे इंजिनही धरले होते. पावसाचे पाणी आत गेले होते. हुकूम मिळाला असता तरी मी चालू झाले असते, असे मला वाटत नाही.

मध्यंतरी पंकजाताईंनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. त्यांनी तरी किती दिवस वाट पाहायची? कापड आणायला आणि द्यायला कुणी नाही, तर विजयमालाचे मशीन गावातले फाटके-तुटके तेवढे शिवत राहिले.

दसऱ्यानंतर ती अखेरची आली. सोमवार नव्हता.

"टोळीसंगं चाललेय," तिने निकिताला सांगितले. "मुकादमाला आई-आबांनी इचारलं. मला कोयता जमायचा न्हाई. पाचटाच्या कोपीवर ऱ्हाईन, भाकरी थापीन, बायांची लेकरं सांभाळीन. घरी बसून खायचं किती?"

"आणि मशीन?"

"शेजारणीला वापराय दिलं. बंद ठेवलं की गंजतंय."

निकिताने खाली पाहिले. "ताई, त्या दिवशी मीच तुम्हाला हात केला. काळं दिसलं की थांबवा, असा वरून निरोप होता."

"तुमी न्हाई केला असता, तर दुसऱ्या कुणी केला असता," विजयमाला म्हणाली. तिने पिशवी खांद्याला अडकवली. मग ती म्हणाली, "पर केला तुमीच."

ती माझ्याजवळ आली. तिने गाजरगवताची दोन-चार झाडे उपटली, पण ती खूप होती. मग तिने हात झटकले आणि एसटीची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.

लिलावाच्या यादीत माझे नाव लागले आहे. नाव कसले, क्रमांक. भंगारवाला येऊन माझे वजन अंदाजून गेला. विजयमाला आता कुठल्या उसाच्या फडावर आहे, मला माहीत नाही. तिला सांगायला मी कुणाला पाठवणार?

मित्रांनो, माझ्यासारख्या गाड्यांची निगा राखा, तेल-पाणी बघा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या गाडीची नोंद तुमच्या नावावर करून घ्या. सावकाश म्हणू नका. आणि रस्त्याच्या कडेला कुणाला अडवलेले दिसले, तर वेग वाढवून पुढे जाऊ नका. उतरा, जवळ जा आणि विचारा, "ताई, काय झालं?" त्याने ती सुटेल, असे वचन मी देत नाही. त्या दिवशी कुणी विचारले असते तरी कदाचित मी आज इथेच असते. तरीही विचारा. मी तिच्या अगदी शेजारी उभी होते आणि मला विचारता आले नाही, कारण मला वाचा नाही. तुम्हाला आहे.