पंपाला तीन पाणी, घाट्यांना एकही नाही

मित्रांनो, वर्ध्याजवळच्या आंजी गावातल्या रूपरावांच्या गोठ्यात खुंटीवर लटकलेला फवारणीचा जुना पितळी पंप तो मीच. माझी गोष्ट ऐकायला गोड नाही, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

रूपरावांनी मला एक्क्याण्णव साली वर्ध्याच्या बाजारातून आणलं. ते मला पाठीवर घेत, एका हाताने दांडा हलवत आणि दुसऱ्या हाताने नळी फिरवत. कपाशीवर, वांग्यांवर, हरभऱ्यावर मी किती औषध फवारलं याची गणती नाही. "असा पंप गावात नाई," असं ते शेजाऱ्यांना सांगत. मला ते आवडायचं. फवारणी झाली की ते मला विहिरीवर नेऊन तीन पाण्यांनी धूत. औषध आत राहिलं तर पंप खराब होतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत हरभऱ्यावर अळी पडली. एके दिवशी सकाळपासून आम्ही सगळं वावर फवारलं. दुपारी रूपरावांच्या बायकोचा, शोभाबाईंचा धाकटा भाऊ स्कूटरवर आला. हे प्रभाकरराव. पिपरी मेघ्याला त्यांचं किराण्याचं दुकान. सोबत त्यांची सहा वर्षांची मयुरी होती.

प्रभाकररावांनी घरी न्यायला घाट्यांनी, म्हणजे हिरव्या शेंगांनी, लदलेला हरभरा मुठीमुठीने उपटला. रूपराव तेव्हा विहिरीवर मलाच धूत होते. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. मेहुण्याला 'नेऊ नका' कसं म्हणायचं, एवढीच त्यांना लाज.

शोभाबाई म्हणाल्या, "प्रभाकर, धुऊन घे, मंग खाजो."

"धुतलं का आंबटपणा जाते, बाई," ते हसले. "वावरातला ताजा माल हाय, त्याले काय धुवाचं?"

मित्रांनो, भरलेली बादली माझ्या शेजारीच होती. एका पितळी पंपाला तीन पाणी, आणि लेकराच्या तोंडात जाणाऱ्या घाट्यांना एक तांब्याही नाही.

मयुरीने स्कूटरवर बसल्या बसल्या घाटे दातांनी फोडले, सालीवरची आंबट आंब चोखली. घरी पोचेपर्यंत तिला उलट्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळू लागली, हातपाय थरथरू लागले. चार दिवस ती दवाखान्यात होती. वाचली.

पाचव्या दिवशी प्रभाकरराव एकटेच आले. "भाऊजी, सकाळीच फवारलं होतं तं सांगतलं काऊन नाई?"

रूपरावांनी मला खुंटीवरून ओढलं आणि अंगणात आपटलं. "याच्यानंच झालं सगळं." माझ्या पोटाला पोचा पडला.

शोभाबाईंनी मला उचललं. "पंपाले काऊन मारता? फवारलं तुमी, सांगतलं नाई तुमी. आन् प्रभाकर, मी म्हटलं तरी तू धुतलं नाई."

त्या दिवसानंतर फवारून किती दिवस झाले हे सांगितल्याशिवाय शोभाबाईंनी वावरातली काडीसुद्धा कोणाला नेऊ दिली नाही.

पुढे घरात प्लास्टिकचा हलका पंप आला. माझी कोणाला आठवणही राहिली नाही. दोन हजार आठ साली प्रभाकरराव कॉलेजात जाणाऱ्या मयुरीला घेऊन आले. गोठ्याजवळच्या वाफ्यातलं टमाटर त्यांनी तोडलं, रुमालाने पुसलं आणि तोंडाशी नेलं. माझ्या जिवाचा संताप झाला. मयुरीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"एवढ्या वर्षाचं धरून बसली तू," ते म्हणाले.

"दवाखान्यात मी होती बाबा, तुमी नाई." तिने पाण्याच्या धारेखाली ते टमाटर चोळून चोळून धुतलं आणि मगच त्यांना परत दिलं.

मित्रांनो, पुसणं म्हणजे धुणं नव्हे. फळं आणि भाज्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळा, आणि चिरायच्या आधी चोळा. पालेभाजी पाणी बदलून दोन-तीनदा बुडवा. साबण लावू नका. औषधासोबत मातीतले, शेणखतातले जंतूही निघतात. पण सगळं औषध पाण्याने जात नाही. मी ते वर्षानुवर्षं पोटात बाळगलं आहे, मला माहीत आहे. म्हणून पिकवणाऱ्याला विचारा, फवारून किती दिवस झाले? आणि तो काही बोलला नाही, तर हातातला माल तिथेच खाली ठेवा.