रानगाड्याचा कंडक्टर

मी अग्निव्याल बोलतोय. निदान काचेच्या पेटीवरच्या चिठ्ठीत तरी माझं हेच नाव लिहिलेलं आहे, खाली दुहेरी रेघ मारून. त्याआधी मला झाडासुर म्हणत. ते नाव कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

मी प्लास्टिकच्या सहाशे बारा ठोकळ्यांचा रणगाडा आहे. इसवी सन तीन हजारात चालेल असा. मला चाकं नाहीत, मी म्हणे जमिनीच्या वीतभर वरून तरंगत जातो. पुढे आग ओकणाऱ्या प्राण्याचा जबडा, पाठीवर गोल फिरणारा बुरूज आणि त्यात तीन तोंडांची तोफ. ही तोफ नंतर आली. सुरुवातीला तिच्या जागी झाडं होती.

माझा जन्म दात बनवायच्या टेबलावर झाला. टिकलीचे बाबा कवळ्या तयार करत. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि ते पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसून त्यांत एकेक दात बसवायचे. टेबलाला मेणाचा वास होता आणि कडेला प्लास्टरचे जबडे ओळीने हसत उभे असायचे. गल्लीत त्यांना दातवाले म्हणत. मीही तेच म्हणतो. बाबा म्हणायचा हक्क माझा नाही.

टिकली तेव्हा सात वर्षांची होती. एका रविवारी तिने ठोकळ्यांची पिशवी त्या टेबलावर उपडी केली.

"अरे बाबा, आपण रानगाडा करू या."

"रणगाडा, टिकले."

"तेच रे. रानात चालतो तो. जिथे झाडं नाहीत तिथे जातो आणि लावतो. त्याचं नाव झाडासुर."

"असुर? मग तो राक्षस झाला की!"

"चांगला राक्षस आहे. त्याला फक्त झाडं लावायची भूक लागते."

दातवाले इतके हसले, की हातातली कवळी खाली ठेवावी लागली. ही गोष्ट त्यांनी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. माझ्या आयुष्यातला तेवढाच आठवडा बरा गेला.

दोघं आळीपाळीने ठोकळे बसवत. एक तिचा, एक त्यांचा. टक्, टक्. आतून टिकलीची आई ओरडायची, "अहो, लोक कवळीसाठी तोंड वासून बसलेत आणि तुम्ही गाड्या बांधताय!"

"दातच नाहीत त्यांना, तोंड वासतील नाही तर काय करतील?" दातवाले म्हणायचे आणि टिकली टेबलाखाली लोळायची. रंग न जुळल्यामुळे परत आलेले चार सुळे त्यांनी माझ्या जबड्यात बसवून दिले. खरे, म्हणजे खरे खोटे दात. असे दात असलेला रणगाडा दुसरा नसेल.

मग टिकलीने खिशातून एक माणूस काढला. अंगठ्याएवढा, एका हाताचा. दुसरा हात कधीच हरवला होता. हा तिच्याबरोबर शाळेत जायचा, जेवायला बसायचा, उशीखाली झोपायचा. तिने त्याला माझ्या बुरुजात उतरवलं.

"हा कोण, ड्रायव्हर?"

"कंडक्टर. ड्रायव्हर कशाला? झाडासुर स्वतःच चालतो. पण गाडी म्हटली की कंडक्टर हवाच."

ती माझ्या टपावर नखाने वाजवायची. एक टिंग म्हणजे थांबा. दोन टिंग म्हणजे चला. टिंग टिंग करून ती मला खोलीभर फिरवायची आणि जिथे थांबायची तिथे हिरवा ठोकळा ठेवून एक झाड लावायची.

पुढच्या सोमवारी दातवाल्यांनी ग्रंथालयाच्या भिंतीवर एक सूचना वाचली. बारा वर्षांखालील मुलांनी स्वतः बांधलेल्या भविष्यातल्या वाहनांचं प्रदर्शन. पहिल्या क्रमांकाचं वाहन वर्षभर काचेच्या कपाटात राहणार होतं. घरी आल्यावर ते मला हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. कवळी तपासताना बघतात तसे, एक डोळा मिटून.

"ही डावी बाजू वाकडी आहे," ते म्हणाले.

डावी बाजू टिकलीची होती.

त्या दिवसापासून आळीपाळी संपली. टिकलीने ठोकळा बसवला की ते चिमट्याने काढून सरळ बसवत. मग ती बसवायच्या आधीच सांगू लागले. मग म्हणाले, "तू नुसती बघ." पाठीवरची झाडं गेली. "रणगाड्यावर झाडं कुठे असतात, टिकले?"

"रानगाड्यावर असतात."

या वेळी ते हसले नाहीत. आळीपाळी संपली तेव्हा मी छोटाच होतो, तिचे एक्केचाळीस ठोकळे माझ्या अंगात होते. शेवटी एकही उरला नाही. उरला तो कंडक्टर.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिने मला टेबलाच्या कडेला उभं केलं. टिंग. "थांबा. मी आंघोळ करून येते." एवढं बोलून ती गेली. दातवाल्यांनी तुटलेल्या कवळ्या सांधायच्या गोंदाची बाटली उघडली. वाटेत बुरूज निखळला तर, एवढीच त्यांना धास्ती. गोंद लावायचा नाही हे सूचनेत चौथ्या ओळीत लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाचलेलं होतं. केसाएवढी रेघसुद्धा दिसू न देता त्यांनी माझा प्रत्येक सांधा भरला आणि सगळ्यात शेवटी बुरुजाचं झाकण.

सभागृहात पांढऱ्या केसांच्या एका परीक्षक बाई टिकलीपुढे वाकल्या.

"वा! हा रणगाडा तू केलास?"

"रानगाडा," टिकली म्हणाली. "पण आता तो झाडं लावत नाही."

"बरं. यातला कुठला भाग तुझा?"

"कंडक्टर. तो आत आहे. बाबाने दार चिकटवलं."

बाईंनी झाकण नखाने उचलून पाहिलं, ते हललं नाही. मग त्यांनी दातवाल्यांकडे पाहिलं.  वहीत एक आडवी रेघ मारून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मुलगी खरं बोलते, तेवढं तरी बक्षीस द्या हो!" लोक हसले.

घरी येताना दातवाले एवढंच म्हणाले, "तुला गप्प बसता आलं नसतं?"

 दारात चप्पल काढताना टिकली म्हणाली, "अहो बाबा, कंडक्टर काढून द्याल का?"

अहो. आईच्या तोंडचा शब्द. दातवाल्यांचा हात कडीवर थबकला, ते मी पाहिलं. पण ते म्हणाले, "उद्या."

कवळी कापायचं छोटं यंत्र त्याच टेबलावर होतं. पाच मिनिटांचं काम. पण कापलं असतं तर खूण दिसली असती. टिकलीने आठ दिवस विचारलं, नवव्या दिवशी विचारलं नाही. ठोकळ्यांची पिशवी माळ्यावर गेली. दातवाल्यांनी माझ्यासाठी काचेची पेटी आणली आणि नव्या नावाची चिठ्ठी लिहिली. कुणी विचारलं तर ते सांगत, "मी आणि मुलीने मिळून बांधला." काचेतून मला ओरडता येत नाही.

अकरा वर्षं गेली. टिकली उंच झाली, चष्मा आला, 'अहो' कायम राहिलं. परवा ती शिकायला दुसऱ्या गावी निघाली. सामान दारात होतं. दातवाल्यांनी पेटी उघडून मला पुढे केलं. त्यांचे हात आता थरथरतात.

"हा नेतेस?"

"नको. तुमचाच आहे तो."

तरी तिने मला घेतलं आणि कानाशी धरून हलवलं. माझ्या पोटात खुळखुळ झाली. तिचा चेहरा क्षणभर सात वर्षांचा झाला.

"आहे अजून."

"काढून देऊ? पाच मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे मला. तेव्हाही पाचच मिनिटांचं होतं."

तिने माझ्या टपावर नखाने वाजवलं. टिंग. मी दुसऱ्या टिंगसाठी जीव गोळा केला. तिने मला पेटीत ठेवलं आणि बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातवाल्यांनी ते यंत्र सुरू केलं. पातं माझ्या झाकणापर्यंत आलं, हात हलला, पातं भलतीकडेच घसरलं. तोफेवर एक चरा उमटला. त्यांनी यंत्र बंद केलं, चऱ्यावरून अंगठा फिरवला आणि पेटीचं दार लावून घेतलं.

आता एवढंच मागणं आहे. उद्या मी ज्याच्या हाती लागेन त्याने मला जपू नये. फोडावं. ठोकळ्यांना फुटायची भीती नसते, आम्ही सुटे होण्यासाठीच जन्मतो. आतून एका हाताचा माणूस निघेल, तो टिकलीला पोचवा. मात्र हातोडीचे ठोके दोन घाला. एकच घातलात, तर कंडक्टरला वाटेल, गाडी अजून थांबलेलीच आहे.