सतरा नंबरची काच

द्रौपदी दर महिन्याला पोट धरून अंधेरीच्या प्रयोगशाळेत यायची आणि तिथल्या अनुपमाला एकच विचारायची, "ताई, माझ्या तुकड्याचं काय झालं?"

तुकडा म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तिच्या पोटातून संशोधनासाठी घेतलेला. गर्भाशयाचं अस्तर, पण उगवलेलं भलत्याच जागी, बीजकोशावर. पाळी आली की तिथूनही रक्त येतं, आणि बाई गडाबडा लोळते. अशा तुकड्यांत हार्मोनला धरून ठेवणारं एक प्रथिन किती आहे, एवढंच अनुपमा बघायची. त्यातून औषध कधी निघेल, हे तिच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. तुकडा दिला म्हणजे इलाज मिळेल असं नाही, हे द्रौपदीला सही घेतानाच सांगायला हवं होतं. पण एवढी सवड कुणाला होती!

आता तर तिला इलाजही नको होता.

"नुसतं लिहून द्या ताई. सासू म्हणते, नाटकं करते, कामं टाळते. नवराबी तेच बोलायला लागलाय. मला मनमाडला माहेरी धाडणारेत. ऑपरेशनचा कागद इंग्रजीत, घरात कुणाला कळत नाही. मराठीत कागद दाखवला तर गप बसतील."

त्याच आठवड्यात सतरा नंबरची काच मायक्रोस्कोपखाली आली. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढायचा. ही काच नुसती तपकिरी झाली होती. नंबर कुणाचा ते वहीत बघायला मनाई होती, अनुपमाने बघितलं. द्रौपदीचाच होता. मग साहेबांकडे गेली.

"संशोधनाचे निकाल पेशंटला देत नाहीत, माहीत आहे ना?" साहेब म्हणाले.

माहीत होतं. राग आला तो आलाच. तिने साध्या कागदावर स्वच्छ मराठीत लिहिलं, की तपासणीत आजार दिसला आहे, दुखणं शंभर टक्के खरं आहे. कागदाला वजन यावं म्हणून पुढे आणखी एक ओळ लिहिली, की यात मूल राहणंही कठीण होतं. खाली सही केली. द्रौपदीने कागद कपाळाला लावला.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा अंबादास घाटकोपरहून आला. अनुपमा त्याला झापायच्या तयारीत होती. पण तो खाली मान घालून म्हणाला, "उगाच बोललो हो तिला. दुखणं खरं आहे, पटलं आम्हाला."

अनुपमाला इतकं हलकं वाटलं, की तिने त्याला बसायला खुर्ची दिली.

तो बसला नाही. त्याने खिशातून तोच कागद काढला. "ह्याच्यावर शिक्का मारून द्या ना. वकील म्हणतो, मूल होणार नाही हे शिक्क्यानिशी दाखवलं तर बरं."

"होणार नाही असं मी कुठं लिहिलंय? आण इकडे तो कागद! द्रौपदी कुठं आहे?"

"मनमाडला. परवाच सोडून आलो." त्याने कागद घडी घालून परत खिशात ठेवला. "शिक्का नसला तरी चालेल. सही आहे ना तुमची."