पुलाखालची लाईन

“व्हॉल्व सैल झालाय,” सळईवरचा कान न काढता कानवाला म्हणाला. “आतून ठोके देतोय. दोन, मग थांबून एक. ऐक तू.”

“मला कशाला सांगतोस? मला घरात बायकोचं धड ऐकू येत नाही,” फिटर म्हणाला.

पाणीपुरवठ्यात त्याला सगळे कानवालाच म्हणत. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते सांगायचं, हे त्याचं एकोणतीस वर्षांचं काम. मधे यंत्रं आली, बिघडली, कपाटात जाऊन बसली. सळई मात्र टिकली. ऐकलेला प्रत्येक आवाज वहीत नोंदवायचा: ठिकाण, वेळ, आवाज, कारण. त्या सोमवारी सव्वासहाला, पुलाच्या अलीकडच्या चेंबरपाशी, त्याने ‘कारण’खाली लिहिलं ‘झडप सैल’, आणि पलीकडच्या वस्तीचं पाणी दुरुस्तीसाठी बंद करून टाकलं.

एरवी असली घाई करणारा माणूस नव्हे तो. पण गेला आठवडाभर त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सरकारने फोन, इंटरनेट, सगळं ‘पुढील आदेशापर्यंत’ बंद केलं होतं आणि पुलावर काटेरी तारा आल्या होत्या. पहिल्याच दिवशी पलीकडे धूर दिसला. आणि पलीकडे, पुलाच्या अगदी टोकाला, त्याची एकुलती एक लेक जावयाबरोबर राहत होती. ती धडधाकट आहे की नाही, एवढं एकच त्याला हवं होतं, आणि तेवढंच सांगणारं कुणी नव्हतं. लोक काय काय करून बघत होते! कुणी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडत होतं, कुणी दुधाच्या क्रेटखाली चिठ्ठ्या लपवत होतं. कानवाल्याच्या बायकोने तीन चिठ्ठ्या पाठवल्या. एकीचंही उत्तर नाही.

संध्याकाळी फिटरने व्हॉल्व खोलला. झडप घट्ट, नव्यासारखी. काहीच सापडेना, तेव्हा त्याने व्हॉल्व पुन्हा बसवला. मंगळवारी सकाळी पाणी सोडण्याआधी कानवाल्याने सवयीने सळई टेकवली.

ठक ठक. ठक.

“पाइप कोरडा आहे ना रे?”

“खडखडीत. का?”

“मग वाजवतंय कोण?”

आणि विचारता विचारता त्याला आठवलं. लेक लहान असताना ते पंपघराच्या आवारातल्या खोल्यांत राहत. तो मागे टाकीपाशी कामात असला की ती स्वयंपाकघरातल्या नळावर डाव आपटायची. दोन आणि एक. जेवायला या. सव्वासहाला बाबा पुलापाशी सळई लावून उभे असतात, हे तिला पाढे पाठ असावेत तसं पाठ होतं.

“अरे देवा,” तो ओरडला. “एकोणतीस वर्षं गावाच्या गळत्या ऐकल्या, आणि पोटच्या पोरीला झडप म्हणालो! वर तिचं पाणी तोडलं!”

“रडतोस काय, उत्तर दे की!” फिटरने त्याच्या हातात पान्हा कोंबला.

त्याने पाइपावर पान्हा आपटला. दोन आणि एक. क्षणभर काही नाही. मग पलीकडून अशी काही ठकाठक सुटली की फिटरलासुद्धा सळईशिवाय ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी बायको हटून बरोबर आली. सळई कानाला लावली, डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. “विचारा, नीट जेवते का. आणि जावयाचा खोकला?”

“ठोक्यांत खोकला कसा विचारू?”

“एवढे मोठे कानवाले, आणि एवढं जमेना!” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

शुक्रवारपासून ठोके जरा संथ झाले. दोन जपून, मग बऱ्याच वेळाने एक. “दमलीय पोरगी,” तो म्हणायचा. “पोटभर खात नसेल,” बायको म्हणायची. पण सव्वासहा कधी चुकले नाहीत. ऑफिसात साहेबांनी वही उलटून विचारलं, “हा रोज कसला आवाज? आणि कारण कोरं का?” फिटर मधेच म्हणाला, “तपास चालू आहे, साहेब.” हे उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असतीच, वर संदेशवहनाचा गुन्हा. कानवाला तरी एक दिवस चुकला नाही.

विसाव्या दिवशी दुपारी फोन सुरू झाले. पहिली घंटी लेकीची.

“बाबा, मी ठीक आहे. आम्ही दोघंही.” ती पुढे म्हणाली, “तुमचं उत्तर आलं त्याच आठवड्यात, गुरुवारीच, आम्ही तिथून निघालो, मोठ्या दिरांकडे आलोय.”

“गुरुवारी? अगं, मग रोज सकाळी कोण...”

“खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांना सांगून आले होते, ठोके थांबले तर माझे बाबा तारा ओलांडून येतील, काही ऐकायचे नाहीत. त्या म्हणाल्या, जा तू, मी वाजवते. गुडघे धरून नळापर्यंत जात असतील हो बाबा.”

“मग त्यांना कळवायला हवं. फोन लाव त्यांना.”

“त्यांच्याकडे फोन नाही. त्यांना फोन करणारंही कुणी नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने सळई उचलली. पूल अजून बंदच होता. “आता कशाला?” बायकोने अर्धवट झोपेत विचारलं. मग तिचं तिलाच काय ते कळलं असावं. उठून तिने त्याला चहा करून दिला.

सव्वासहाला ठोके आले. दोन जपून. बराच वेळ गेला. मग एक.

त्याने पान्ह्याने उत्तर दिलं, तितकंच संथ. मग गुडघ्यावर वही उघडली. ठिकाण, वेळ, आवाज, सगळं नेहमीसारखं लिहिलं, आणि इतके दिवस कोऱ्या राहिलेल्या ‘कारण’च्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: आजी. दुरुस्ती नको. रोज ऐकावे.