पन्नास मिनिटांवरची नात

"पन्नास मिनिटं म्हणे! घरातून विमानतळ गाठायचं, तिथे ताटकळायचं, उतरल्यावर बॅगेची वाट बघायची, ते कोण मोजतं?" टाकेमावशी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

"बेल्ट लाव," नवरा म्हणाला. "आणि विमान हवेत चाळीसच मिनिटं असतं. वरची दहा जास्तीची धरलेली. उशीर झाला तरी वेळेवर पोचल्यासारखं दिसतं."

हे मात्र मावशींना पटलं. शिवणात जास्तीच्या कापडाची माया सोडावी, तसंच की हे!

फ्रॉकपासून पडद्यापर्यंत काहीही शिवायच्या, म्हणून गल्लीने त्यांना टाकेमावशी करून टाकलं होतं. लेक दिली त्या गावचं विमानतळही इथल्यासारखंच, एक धावपट्टी न् एक चहाची टपरी. तरी नात जन्मली तेव्हा गेल्या, त्यानंतर थेट तीन वर्षांनी आज निघाल्या. कधी विमानात कानाला दडे बसायची धास्ती असायची, कधी गिऱ्हाईक अडून बसायचं. "लांब पडतं गं," त्या फोनवर म्हणायच्या. लेकही "हो ना" म्हणायची.

लेकीची सासू मात्र खालच्याच मजल्यावर. फोनवर नात दिसली, की बाजूने विहीणबाईंचा हात यायचा, नाक पुसणारा, घास भरवणारा. तो हात दिसला की मावशींचा पुढचा टाका हमखास वाकडा.

लेकीच्या दारातच नातीने मावशींना खालून वर न्याहाळलं आणि जाऊन विहीणबाईंच्या गुडघ्यांना मिठी मारली.

"अगं वेडे, ही तुझ्या आईची आई. जा तिच्याकडे!" विहीणबाई हसून म्हणाल्या.

मावशींना ते जास्तच झोंबलं. म्हणजे आता माझी नात मला हिच्या परवानगीने मिळणार!

त्यांनी घाईघाईने बॅगेतून फ्रॉक काढला. पिवळा, खांद्याला झालर. पोरीचं डोकं गेलं, एक हात गेला, दुसरा अडकला. तिने भोकाड पसरलं.

"होईल, होईल," लेक म्हणाली.

"कापड आटलं असेल," मावशींचा नवरा म्हणाला. फ्रॉकला अजून पाणीही लागलं नव्हतं.

विहीणबाईंनी अलगद फ्रॉक काढला, पोरीला कडेवर घेतलं आणि शिवण उलटून पाहिली. "काय सुबक हात आहे हो तुमचा! पण माप कशावरून घेतलंत?"

"फोनवर दिसली तशी. अंदाजाने."

"इश्श, मला विचारायचं ना! टेप लावून लगेच सांगितलं असतं. रोज तर बोलतो आपण."

लेक पंख्याकडे बघायला लागली. नवऱ्याने स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला घेतला. मावशींनी झालर सरळ केली, मग मुठीत चुरगळली.

"तुम्हाला विचारलं असतं, तर पोर तुमच्या हाताखाली वाढतेय हे तोंडाने कबूल करावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "जळते हो मी तुमच्यावर, विहीणबाई."