हंड्याचं हं

डोंगराखालच्या त्या खानावळीत राक्षस, बुटके आणि माणसं एकाच बाकावर बसून जेवत, आणि चुलीजवळच्या खुर्चीतून म्हातारा गोष्ट सांगे. त्याचा नियम एकच. प्रत्येक वाक्याला समोरून "हं" आलं पाहिजे. "हं" नाही, तर गोष्ट तिथेच थांबे. मग राजपुत्र दरीवर लोंबकळत का असेना.

आज खुर्चीशेजारी तांब्याचा हंडा होता.

"हा इथे कशाला तडमडलाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चेटकिणीकडून मंतरून आणलाय, मामा," मिशीवरून हात फिरवत खानावळीचा मालक म्हणाला. मालक म्हणजे म्हाताऱ्याचा जावई. "तुमचं वाक्य संपलं की हाच हं म्हणणार. गिऱ्हाइकांनी निवांत जेवायचं. परवा त्या राक्षसाने भरल्या तोंडाने हं केलं, तर समोरच्या बुटक्याला अंघोळ करावी लागली."

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावई पडला. अरे-तुरे करायची सोय नाही. त्याने दातओठ खात सुरुवात केली.

"धाकटा भाऊ दोर धरून विहिरीत उतरला."

"हं," हंडा म्हणाला.

"तळाशी राक्षस घोरत होता."

"हं."

कुणी मानसुद्धा वर केली नाही. एरवी इथे घास हातातच राहायचे. आज नुसतं मचमच. म्हाताऱ्याचे कान तापले.

"आणि आमचे जावईबापू," तो त्याच संथ सुरात म्हणाला, "देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळण घेऊन गेले होते."

"हं."

"ते आदरणीय गाढव आहेत."

"हं," हंड्याने दुजोरा दिला.

एक बुटका ठसकला. मग सगळं बाक खिदळायला लागलं, जावईसुद्धा. "झकास, मामा! रोज हेच करा. गोष्ट नकोच!"

"गोष्ट नको?" म्हातारा काठी आपटत उठला. "मग या हंड्यालाच सासरा करा, जावईबापू! मी चाललो!"

"हं," हंडा म्हणाला.

तो दाराशी पोचला, तोच स्वयंपाकघरातून त्याची मुलगी पळी घेऊन बाहेर आली.

"बाबा! मग?"

"मग काय?"

"राक्षस जागा झाला का?"

"लहानपणापासून ऐकतेयस. माहीत नाही तुला?"

"आहे ना माहीत. म्हणून काय त्या पोराला विहिरीतच ठेवणार?"

म्हातारा हंड्याकडे वळला. "तू विचार की रे, 'मग?' म्हणून! विचार!"

"हं."

मुलीने हंडा उचलला, त्यात खरकट्या भांड्यांसाठी पाणी भरलं आणि चुलीवर चढवला. जावयाने तोंड उघडलं. पळी पाहून मिटलं.

म्हातारा परत बसला. राग तसूभरही उतरला नव्हता. तो त्याने गोष्टीत ओतला. त्या दिवशी विहिरीतल्या राक्षसाला झुपकेदार मिशी फुटली, आणि तो मेला तोही सावकाश, मिशीपासून.

"हं," घास खाली ठेवून कोपऱ्यातला राक्षस म्हणाला. "पण आजोबा, आमच्यात मिशी नसते."

"याला होती!" जावयाकडे बघत म्हातारा गरजला.